स्पर्श आणि औषध : कुष्ठरोगावरील उपचारांचा इतिहास

मिस्सातील वाचने लहानपणापासून ऐकत आलेल्या आपणां सर्वांना ज्या एका रोगाचे नाव परिचित असते, तो रोग म्हणजे कुष्ठरोग. लेवीयाच्या पुस्तकातील तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्याविषयीचे नियम आहेत. नामान सेनापतीची कथा आहे. बरे झालेल्या दहा जणांपैकी आभार मानण्यास परत आलेल्या एकट्या शोमरोनी माणसाची कथा आहे. आणि संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, तो प्रसंग आहे. या प्रसंगांवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु ज्या रोगातून सुटण्यास शतकानुशतके चमत्काराखेरीज दुसरा मार्ग दिसत नव्हता, तो आज सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, ही हकीकत मात्र आपल्या घरांतून क्वचितच बोलली जाते. या गोळ्या कशा आल्या, कोणाच्या श्रमांतून आल्या, त्यांना यावयास इतका विलंब का झाला आणि त्या आल्यानंतरही कोणती गोष्ट बरी व्हावयाची राहून गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. पवित्र शास्त्रात ज्याला कुष्ठ म्हटले आहे, तो सर्वस्वी आजचाच कुष्ठरोग होता असे अभ्यासक मानत नाहीत. मूळ हिब्रू शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात; एवढेच नव्हे, तर कपड्यांवरची बुरशी आणि घराच्या भिंतींवरचे डागही त्याच शब्दात समाविष्ट आहेत. आपल्या भाषेतही हाच घोटाळा आहे. कोड म्हणजे त्वचेचा रंग जाणे. त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. तरीही ‘पांढरे कुष्ठ’ या नावाखाली कोड आलेल्या निरपराध मुलींची लग्ने आपल्याकडे मोडत आली. ‘रक्तपिती’, ‘महारोग’ हे शब्द तर रोगाची नावे न राहता शिव्या होऊन बसले. नावांचा हा गोंधळ निरुपद्रवी नव्हता. एका रोगाचे भय दहा विकारांवर पसरवण्याचे काम त्याने केले.

ख्रिस्तसभा आणि कुष्ठरोगी

मध्ययुगातील युरोपात कुष्ठरोग्यांची जी स्थिती होती, तिच्याकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. काही प्रदेशांत रोग्याला समाजातून वेगळे करण्याचा रीतसर विधी होत असे आणि तो मृतांच्या विधीशी मिळताजुळता असे. जिवंत माणसाला मेलेला ठरवण्याचाच तो प्रकार होता. दुसऱ्या बाजूला त्याच ख्रिस्तसभेने या रोग्यांसाठी आश्रम उभारले. संत लूकच्या शुभवर्तमानातील व्रणांनी भरलेल्या दरिद्री लाजरसाच्या नावावरून अशा आश्रमांना नाव मिळाले. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठरोग्यांना स्वतःचे चर्च, स्वतःचे धर्मगुरू आणि स्वतःची दफनभूमी असावी असे ठरवले. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या परिवर्तनाचा आरंभच कुष्ठरोग्यांच्या सहवासात झाल्याचे मानले.

येथे विवाहाविषयीची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे. बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांच्यापुढे प्रश्न आला, की पतीला वा पत्नीला कुष्ठरोग झाला तर विवाह मोडतो काय? त्यांनी निःसंदिग्ध निर्णय दिला, की मोडत नाही. निरोगी जोडीदाराने आजारी जोडीदाराच्या सोबत राहावे, असा त्यांचा उपदेश होता. १२३४ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी सिद्ध केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात हे निर्णय समाविष्ट झाले.

आश्रम होते, सेवा होती, प्रार्थना होती. परंतु औषध नव्हते. पश्चिमेत ज्याला औषध म्हणता येईल असे पहिले द्रव्य गेले ते आपल्या पूर्वेकडून.

कडू कवठाचे तेल

सह्याद्रीच्या दाट रानांत, कोकणपट्टीत व गोव्यातही, ओढ्यांच्या काठी एक सदाहरित वृक्ष आढळतो. त्याचे फळ कवठासारखे गोल व टणक असते, पण ते खाण्याजोगे नसते. म्हणून त्याला कडू कवठ म्हणतात. आयुर्वेदात त्याचे नाव तुवरक. त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर द्यावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. याच कुळातील ईशान्येकडील वृक्षाच्या तेलाला चालमोगरा हे नाव आहे. बंगालमध्ये काम करणाऱ्या फ्रेडरिक माउअट या इंग्रज डॉक्टरने १८५४ मध्ये चालमोगऱ्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि हे तेल युरोपीय वैद्यकात शिरले.

तेलाचा गुण काही रोग्यांना येत असे, पण ते घेणे हीच एक शिक्षा होती. पोटात घ्यावे तर मळमळ आणि ओकारी. त्वचेखाली टोचावे तर ते दाट तेल शरीरात न भिनता तेथेच साचून राही, गळवे होत. ही अडचण दूर केली ती हवाई बेटांवरील एका तरुण स्त्रीने. ॲलिस बॉल ही तेथील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी कृष्णवर्णीय अमेरिकन युवती होती. डॉ. हॅरी हॉलमन यांच्या विनंतीवरून तिने १९१५ च्या सुमारास या तेलातील मेदाम्लांपासून असे संयुग तयार केले, की जे इंजेक्शनाने दिल्यावर शरीरात शोषले जाई. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिचे संशोधन अप्रकाशितच राहिले होते. महाविद्यालयाचे प्रमुख आर्थर डीन यांनी ते काम पुढे नेले व प्रसिद्धही केले. परंतु तिचे नाव घेतले नाही. १९२२ मध्ये डॉ. हॉलमन यांनी आपल्या लेखात त्या पद्धतीला बॉलचे नाव दिले, तरीही तिच्या विद्यापीठाने तिच्या स्मृतीची शिला बसवली ती थेट २००० साली. दोन दशकांहून अधिक काळ हजारो रोग्यांना जे इंजेक्शन मिळत राहिले, त्याच्या कर्तीचे नाव त्यांतील बहुतेकांना कधी कळलेच नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे, की या तेलाने रोग कायमचा जात नसे. काही रोगी सुधारत, काहींचा रोग पुन्हा उलटे. तथापि ‘या रोगावर काही करता येते’ हा विचारच नवा होता, आणि तो विचार आपल्याकडच्या रानातील एका कडू फळाने दिला, याची नोंद आपण ठेवावयास हवी.

१८७३ : एक जंतू आणि एक धर्मगुरू

१८७३ हे वर्ष कुष्ठरोगाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नॉर्वेतील बर्गन शहरी डॉ. गेऱ्हार्ड आर्मावर हॅन्सन यांना रोग्यांच्या शरीरातील गाठींत सूक्ष्म काडीसारखे जंतू दिसले. हा रोग रक्ताचा वारसा नाही, दैवी शाप नाही; तो एका जंतूमुळे होतो, हे त्यातून पुढे आले. मनुष्याच्या दीर्घकालीन रोगाशी जोडला गेलेला हा अगदी पहिल्या जंतूंपैकी एक.

त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या १० तारखेला फादर डेमियन हे तेहतीस वर्षांचे बेल्जियन धर्मगुरू हवाईतील मोलोकाई बेटावर उतरले. हवाई राज्याने १८६५ मध्ये कायदा करून कुष्ठरोग्यांना सक्तीने त्या बेटाच्या एका टोकाला नेऊन ठेवण्यास सुरुवात केली होती. समुद्र आणि उंच कडे यांच्यामध्ये सापडलेली ती वसाहत म्हणजे भिंती नसलेला तुरुंगच होता. फादरांनी तेथे घरे बांधली, पाण्याची सोय केली, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या, थडगी खणली. ते रोग्यांबरोबर एकाच ताटात जेवले. सोळा वर्षांच्या या सेवेत त्यांना स्वतःलाही रोग जडला. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्यात पाय बुडवला असता त्वचा भाजली तरी वेदना जाणवली नाही, तेव्हा त्यांनी काय ते ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी ते प्रभूघरी गेले.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत, १८८८ मध्ये, फ्रान्सिस्कन संघाच्या मदर मारियान कोप त्या वसाहतीत आल्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्या अत्यंत काटेकोर होत्या. आपल्या भगिनींपैकी कोणालाही हा रोग होणार नाही, असे त्या म्हणत आणि ते खरे ठरले. त्या स्वतः तीस वर्षे तेथे राहून १९१८ मध्ये निधन पावल्या. फादर डेमियन यांना २००९ मध्ये आणि मदर मारियान यांना २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संतपद दिले.

बर्गनचे डॉक्टर आणि मोलोकाईचे धर्मगुरू यांची कधी भेट झाली नाही. एकाने रोगाचे कारण पाहिले, दुसऱ्याने रोगी माणूस पाहिला. या दोन दृष्टी एकत्र येण्यास आणखी सत्तर वर्षे लागायची होती.

उशीर का झाला?

जंतू सापडल्यावर औषध लवकर सापडेल, अशी अपेक्षा होती. क्षयाचा जंतू हॅन्सननंतर नऊ वर्षांनी सापडला; तो प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागला. कुष्ठाचा जंतू मात्र आजतागायत काचेच्या नळीत वाढलेला नाही. शिवाय तो विलक्षण मंद आहे. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे आणि क्वचित वीस वर्षेही जातात. जो जंतू वाढवता येत नाही, त्याच्यावर औषध तरी कसे तपासणार? १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात तो थोडाबहुत वाढतो हे दाखवले आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या खवलेधारी अमेरिकन प्राण्यात तो विपुल वाढतो असे आढळले. तोपर्यंत प्रयोग करावयाचे ते माणसांवरच, हाच एक मार्ग होता.

आणि तरीही औषध अस्तित्वात होते. १९०८ मध्ये जर्मनीत फ्राइबुर्ग येथे फ्रॉम आणि विटमान या रसायनशास्त्रज्ञांनी गंधकयुक्त असे एक संयुग तयार केले होते. रंगांच्या रसायनशास्त्राशी नाते असलेल्या या पांढऱ्या भुकटीचा वैद्यकीय उपयोग कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मदर मारियान तेव्हा हयात होत्या. मोलोकाईवर शेकडो रोगी होते. त्यांना बरे करू शकणारी वस्तू जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बाटलीत पडून होती. पुढे तिला डॅप्सोन हे नाव मिळाले.

१९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधांचा शोध लागला, तेव्हा त्यांच्या गोत्रातील या संयुगाची आठवण झाली. १९३७ मध्ये इंग्लंड व फ्रान्स येथे त्याचा जंतुनाशक गुण दिसून आला. पण ज्या प्रमाणात ते दिले गेले त्या प्रमाणात ते विषारी ठरले. म्हणून त्याच्यापासून सौम्य असे प्रोमिन बनवण्यात आले.

कारव्हिलच्या भगिनी

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी कारव्हिल येथे कुष्ठरोग्यांची एक वसाहत होती. १८९६ पासून तेथे संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या दयाभगिनी सेवा करीत होत्या. त्या आल्या तेव्हा मोडकळीस आलेल्या एका जुन्या वाड्याखेरीज तेथे फारसे काही नव्हते. त्यांनी रोग्यांच्या जखमा बांधल्या, त्यांना नीट जेवू घातले आणि वर्षानुवर्षे चालमोगऱ्याचे तेल दिले.

१९४१ मध्ये तेथील डॉ. गाय फॅजे यांनी प्रोमिन शिरेतून देण्यास आरंभ केला. काही रोगी आपण होऊन पुढे आले. पहिले काही महिने विशेष काही घडले नाही. मग व्रण भरू लागले, गाठी जिरू लागल्या, घशात रोग पसरल्याने श्वास कोंडणाऱ्यांचा श्वास मोकळा झाला. १९४३ मध्ये फॅजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. या कामात दयाभगिनींचा वाटा केवळ शुश्रूषेचा नव्हता. सिस्टर हिलरी रॉस या औषधशास्त्र व जीवरसायनशास्त्र जाणणाऱ्या भगिनी होत्या. सल्फोन औषधांचा रोग्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा त्यांनी प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि तो शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. जपमाळ आणि परीक्षानळी यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या भगिनीचे चरित्र जरूर आठवावे.

मात्र प्रोमिन महाग होते व रोज शिरेतून द्यावे लागे. खेड्यापाड्यांतील लक्षावधी रोग्यांना ते मिळणे शक्य नव्हते. हा पेच सुटला तो आशिया आणि आफ्रिकेत. डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रासजवळच्या चिंगलपेट येथे मूळचे स्वस्त डॅप्सोनच इंजेक्शनाने देऊन पाहिले. डॉ. जॉन लो हे पूर्वी हैदराबाद संस्थानातील डिचपल्ली येथे व कलकत्त्यास काम केलेले डॉक्टर होते. त्यांनी नायजेरियात दाखवून दिले, की तेच औषध अल्प मात्रेत, साध्या गोळीच्या रूपाने, निर्धोकपणे देता येते. दोष औषधाचा नव्हता, मात्रेचा होता. कुष्ठाचा जंतू जगण्यासाठी फॉलिक आम्ल स्वतः तयार करतो. माणूस ते अन्नातून घेतो. डॅप्सोन जंतूची ही क्रिया थांबवते व माणसाला सहसा इजा करीत नाही. चाळीस वर्षे बाटलीत पडून राहिलेली भुकटी आता काही पैशांच्या गोळीत आली.

एका गोळीच्या तीन गोळ्या का झाल्या?

या गोळीचा मोठा सामुदायिक उपयोग आपल्या महाराष्ट्रानेही करून दाखवला. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे डॉ. वारदेकर यांनी पाहणी, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री मांडली. रोग्याने आश्रमात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जावे, चट्टा लवकर ओळखावा, गोळी घरीच द्यावी आणि शेजाऱ्यांची समजूत घालावी, हे तिचे सार. रोग्याला घर सोडावे लागू नये, हा विचार त्यामुळे व्यवहारात उतरला.

परंतु डॅप्सोन जंतूला थोपवते, झपाट्याने मारत नाही. गोळी वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर घ्यावी लागे. लोक कंटाळून सोडून देत. अर्धवट उपचारांतून दाद न देणारे जंतू निपजले. १९६४ मध्ये मलायातील रोग्यांत हे सिद्ध झाले आणि पुढील वर्षांत जगभर त्याचा प्रत्यय येऊ लागला.

दुसरी गोळी आली आयर्लंडमधून. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावरील औषधाच्या शोधात होते. दगडफुलातील द्रव्यांपासून त्यांचे संशोधन सुरू झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी एक लाल रंगाचे संयुग तयार केले. क्षयावर त्याने त्या वेळी निराशा केली. १९६२ मध्ये नायजेरियात ब्राउन आणि होगरझाइल यांनी ते कुष्ठरोग्यांना दिले आणि ते गुणकारी ठरले. हेच क्लोफॅझिमीन. त्याचा एक दोष असा, की त्याने त्वचा काही काळ लालसर-काळी पडते. आपल्या देशात गोरेपणाचे जे वेड आहे, त्यामुळे किती तरुणींना ही गोळी नकोशी झाली असेल, याची कल्पना करता येईल. गोळ्या पुऱ्या झाल्यावर हा रंग हळूहळू जातो, हे त्यांना धीराने सांगावे लागते. या कथेला पुढे आणखी एक वळण मिळाले. जे क्षयासाठी निघाले होते व कुष्ठावर स्थिरावले, तेच औषध आता इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर जगभर वापरले जाते.

तिसरी गोळी सर्वांत जहाल. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट राफाएलजवळच्या पाइनच्या बनातून मातीचा एक नमुना इटलीत मिलान येथील लेपेटी प्रयोगशाळेत आला. त्या मातीतील सूक्ष्मजीवापासून पिएरो सेन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे प्रतिजैविक मिळवले आणि त्या काळी गाजलेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून त्याला गमतीने नाव दिले. त्यातूनच १९६५ मध्ये रिफॅम्पिसिन सिद्ध झाले. त्याची एकच मात्रा काही दिवसांत कुष्ठाच्या बहुतेक सर्व जंतूंचा नाश करते व रोगी इतरांना संसर्ग देण्याचे थांबते.

१९७२ मध्ये माल्टा या लहानशा कॅथॉलिक बेटावर अनेक औषधे एकत्र देण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने डॅप्सोन, क्लोफॅझिमीन व रिफॅम्पिसिन एकत्र देण्याची शिफारस केली. यामागचा हिशेब सोपा आहे. एका औषधाला दाद न देणारा जंतू लाखांत एखादा असतो. पण तोच जंतू एकाच वेळी तिन्ही औषधांतून निसटण्याची शक्यता जवळजवळ नसते. महिन्याच्या गोळ्यांचे एक पाकीट. त्यातील मोठी मात्रा महिन्यातून एकदा कार्यकर्त्यासमोर घ्यायची, उरलेल्या गोळ्या रोज घरी. भारतात ही पद्धत प्रथम ज्या जिल्ह्यांत राबवली गेली, त्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९९५ पासून ही औषधे जगभर विनामूल्य दिली जात आहेत.

या मालिकेत एका बदनाम औषधाचाही उल्लेख हवा. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत झोपेचे औषध म्हणून विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्याने हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस तेथे ते मागे घेतले गेले. १९६४ मध्ये जेरुसलेम येथील कुष्ठरुग्णालयातील डॉ. जेकब शेस्किन यांनी नोंदवले, की कुष्ठरोगात उद्भवणारा गाठींचा व तापाचा असह्य झटका या औषधाने शमतो. मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देणे घातक, आणि तेच दुसऱ्या रोग्याच्या वेदना शमवणारे. औषध स्वतः साधू नसते की सैतान नसते. ते कोणाला, किती आणि कोणत्या जाणिवेने दिले जाते, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या मुलुखातील माणसे

मराठी वाचकाला एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत मराठी पोवाड्यांचा संग्रह केला. तो १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच ॲक्वर्थ यांनी १८९० मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर निराधार फिरणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभारला. वडाळ्याचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. सेवाग्रामला महात्मा गांधींनी कुष्ठपीडित संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केले. मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी आनंदवनात या कामाला आयुष्ये दिली. गोव्यात डॉ. फ्रोइलानो द मेलो यांनी माकाझन येथे कुष्ठालय उभे केले. १९५४ मध्ये राउल फोलेरो या फ्रेंच कॅथॉलिक प्रापंचिकाने जानेवारीचा शेवटचा रविवार जागतिक कुष्ठरोग दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. भारतात तो ३० जानेवारीस, गांधीजींच्या पुण्यतिथीस पाळतात. १९६४ च्या डिसेंबरात मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेसला आलेल्या पोप सहावे पॉल यांनी आपली मोटार मदर तेरेसांना दिली. मदरनी तिची सोडत काढून त्या पैशांतून शांतिनगर ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभारण्यास हातभार लावला.

जे अजून बरे झाले नाही

डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आणले. ही मोठी कामगिरी होती. पण ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकून अनेकांना रोग संपला असेच वाटले. तो संपलेला नाही. आपल्या देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रोगी आढळतात. जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक ते हेच.

रोगापेक्षा चिवट ठरले ते भय, आणि त्याची साक्ष आपले कायदे देतात. रोग्यांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द झाला तो २०१६ मध्ये. त्याहून खेदाची गोष्ट आपल्या ख्रिस्ती समाजाशी निगडित आहे. आपल्याला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा जोडीदाराचा ‘असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात घालण्यात आले. तीन गोळ्यांचा उपचार येऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती! ज्या रोगाने विवाह मोडत नाही असे पोप तिसरे अलेक्झांडर यांनी औषध नसलेल्या काळात सांगितले, त्याच रोगाला औषध मिळाल्यावर आमच्या कायद्याने असाध्य ठरवले. विधी आयोगाने २०१५ मध्ये अशा भेदभावाच्या तरतुदी काढून टाकण्याची शिफारस केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आपल्या कायद्यातून, तसेच हिंदू, मुस्लिम व विशेष विवाहविषयक कायद्यांतूनही गेले. त्या अठरा वर्षांत या कलमाविरुद्ध आपल्या धर्मग्रामांतून किती आवाज उठला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, हातापायाला बधिरता किंवा मुंग्या येत असतील, तर लपवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. बहुसंख्य माणसांत या जंतूला तोंड देण्याची नैसर्गिक शक्ती असते. उपचार सुरू झाल्यावर रोगी घरातच राहू शकतो, एकाच पंगतीत जेवू शकतो. बोटे झडतात ती रोगामुळे आपोआप नव्हे, तर बधिर हाताला झालेल्या जखमा न कळल्यामुळे. हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले. औषध लवकर घेतले तर ती वेळच येत नाही. गोळ्या मात्र पुऱ्या कराव्यात. रोग्याच्या निकटवर्तीयांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिल्यास पहिल्या दोन वर्षांत त्यांना रोग होण्याचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी घटते, असे बांगलादेशातील पाहणीत दिसले. ती मात्रा देता यावी यासाठी घरच्यांनी रोग्याचे नाव लपवता कामा नये. लाज आड आली तर औषध उंबऱ्याबाहेरच थांबते.

फादर डेमियन यांच्यापाशी औषध नव्हते. होता तो केवळ स्पर्श, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत आखडता घेतला नाही. कारव्हिलच्या भगिनींनी स्पर्शाला औषधाची जोड दिली. आपल्या पिढीला औषध आयते मिळाले आहे. शुभवर्तमानातील त्या प्रसंगात प्रभूचा हात आधी पुढे झाला आणि रोग मागाहून गेला. हा क्रम आपल्याला उमगला, तर तीन गोळ्यांच्या या इतिहासातील अखेरचे प्रकरण आपल्या धर्मग्रामांतून लिहिले जाईल.